ल्युकेमिया समजून घेताना: मज्जेत अडकलेल्या कच्च्या पेशींचा आजार

कर्करोग म्हटला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणती स्टेज आहे?" स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगात या प्रश्नाला नेमके उत्तर असते. गाठ केवढी आहे, शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली आहे का, दूरच्या अवयवांत गेली आहे का, यावरून टप्पा ठरतो. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग, झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हाच प्रश्न विचारतात तेव्हा मात्र डॉक्टरांना क्षणभर थांबावे लागते. मोजण्यासारखी गाठ येथे बहुधा नसते आणि "पसरला आहे का" या प्रश्नालाही फारसा अर्थ उरत नाही, कारण रक्त मुळातच सर्वांगात फिरत असते आणि त्याच्याबरोबर आजारी पेशीही फिरतात. हे ऐकल्यावर पुष्कळ जण "म्हणजे शेवटची स्टेज" असे मनाशी धरून खचून जातात. तो समज चुकीचा आहे. बरे होण्याचे प्रमाण आज सर्वांत चांगले असलेल्या कर्करोगांत ल्युकेमियाचे काही प्रकार मोडतात. आजार सर्व शरीरात असूनही आटोक्यात कसा येऊ शकतो, हे कळण्यासाठी रक्त कोठे आणि कसे तयार होते येथून सुरुवात करावी लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग प्लाझ्मा नावाच्या पिवळसर द्रवाचा आणि उरलेला पेशींचा असतो. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका, जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन रक्तस्राव थांबवतात. एका घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी ४० ते ५५ लाखांच्या आसपास, प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख आणि पांढऱ्या पेशी अवघ्या ४ ते ११ हजार असतात. यांपैकी कोणतीच पेशी फार काळ टिकत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ८ ते १० दिवस, आणि जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस राहते. ही झीज भरून काढण्यासाठी शरीर दर सेकंदाला जवळजवळ २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार करत असते, आणि हे काम हाडांच्या पोकळीतल्या मऊ, लालसर मगजात चालते. त्यालाच अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. लहान मुलांत ती जवळजवळ सर्व हाडांत कार्यरत असते. मोठेपणी ती मुख्यतः कंबरेचे हाड, मणके, छातीचे हाड, बरगड्या आणि कवटी यांत उरते.

मज्जेत थोड्याशा मूळपेशी असतात. एक मूळपेशी विभागते, तिच्यापासून झालेल्या पेशी पुन्हा विभागतात, आणि प्रत्येक पायरीवर त्यांचे काम अधिकाधिक ठरत जाते. सुरुवातीची पेशी मोठी, गोल आणि कच्ची असते. तिला ब्लास्ट म्हणतात. ब्लास्टला जंतू मारता येत नाहीत, प्राणवायू वाहता येत नाही, रक्त गोठवताही येत नाही. विभागणे आणि हळूहळू परिपक्व होणे एवढेच तिचे काम असते. निरोगी मज्जेत अशा कच्च्या पेशी शंभरात पाचांहून कमी असतात आणि पूर्ण तयार झाल्याशिवाय पेशींना सहसा रक्तात प्रवेश मिळत नाही.

तीव्र ल्युकेमियात नेमकी हीच परिपक्व होण्याची वाट बंद पडते. एखाद्या कोवळ्या पेशीच्या जनुकांत बदल होतो, ती पुढच्या पायरीवर जायचे थांबते आणि तिथल्या तिथे स्वतःसारख्याच कच्च्या पेशी निर्माण करत राहते. कर्करोगाच्या पेशी प्रचंड वेगाने विभागतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. ल्युकेमियाच्या बाबतीत वेगापेक्षा अडकणे महत्त्वाचे ठरते. निरोगी मज्जाही अतिशय वेगाने पेशी घडवते, पण तिथल्या पेशी परिपक्व होतात, काम करतात आणि ठरल्या वेळी मरतात. ल्युकेमियाची पेशी परिपक्वही होत नाही आणि वेळेवर मरतही नाही, त्यामुळे ती साठत जाते. हाडाची पोकळी ताणता येत नसल्याने मर्यादित जागेत ही गर्दी झाली की चांगल्या पेशींची निर्मिती मागे पडते.

या एका गोष्टीवरून आजाराची बहुतेक लक्षणे उलगडतात. तांबड्या पेशी कमी पडल्या की माणूस फिकट दिसू लागतो, जिना चढताना धाप लागते, पुरेशी झोप होऊनही थकवा जात नाही. काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप पुन्हा पुन्हा येतो आणि साधा घसा दुखणेही लवकर बरे होत नाही. प्लेटलेट्स उतरल्या की हिरड्यांतून रक्त येते, नाकाचा घोळणा फुटतो, मार लागल्याचे आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग उठतात. काहींच्या पायांवर टाचणी टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके दिसतात. काचेचा पारदर्शक पेला अशा ठिपक्यांवर दाबून पाहिला तर साधे पुरळ क्षणभर फिके पडते, पण हे ठिपके काचेखालीही तसेच लाल राहतात, कारण तिथे रक्त वाहिनीतून बाहेर येऊन त्वचेत उतरलेले असते. असे ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे प्रत्येक वेळी ल्युकेमियाच असेल असे मुळीच नाही, परंतु जी इतर कारणे असू शकतात त्यांपैकी काही दुर्लक्ष करण्याजोगी नसतात. लहान मुलांत हाडे दुखणे हे लक्षण बरेचदा आढळते. मूल लंगडते, चालायला नको म्हणते, उचलून घ्या म्हणून हट्ट करते, आणि ते वाढीचे दुखणे समजून काही आठवडे निघून जातात. यकृत किंवा प्लीहा वाढल्यामुळे पोट जड वाटणे, मानेत किंवा काखेत गाठी लागणे हेही दिसू शकते.

लक्षणे सुटी सुटी पाहिली तर प्रत्येकीला वेगळे आणि साधे कारण सापडते. थकवा कामामुळे, ताप हवामानामुळे, डाग कुठेतरी धडकल्यामुळे असे आपण समजतो. फिकटपणा, ताप आणि रक्तस्राव या तीन गोष्टी थोड्या अंतराने एकाच माणसात दिसू लागल्या की मात्र सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची साधी तपासणी, लांबणीवर टाकू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

या तपासणीच्या अहवालाबद्दल एक गैरसमज आहे आणि तो आजाराच्या नावातूनच आला आहे. १८४५ मध्ये एडिनबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा रुग्णांची शवविच्छेदने नोंदवली ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रमाण विलक्षण वाढलेले होते. बेनेट यांना तो रक्तात झालेला पू वाटला. फिर्खो यांनी त्याला 'पांढरे रक्त' म्हटले आणि १८४७ मध्ये पांढरा आणि रक्त या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला ल्युकेमिया हे नाव दिले. त्या काळी डोळ्यांना जे दिसत होते त्याला हे नाव साजेसे होते. आज मात्र त्या नावामुळे पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ल्युकेमिया आणि त्या वाढलेल्या नाहीत म्हणजे धोका नाही, असे दोन्ही बाजूंनी चुकीचे निष्कर्ष काढले जातात. जंतुसंसर्गात, स्टेरॉइड घेतल्यावर किंवा शरीरावर मोठा ताण आल्यावर पांढऱ्या पेशी वाढणे स्वाभाविक असते. उलट तीव्र ल्युकेमियाच्या काही रुग्णांत कच्च्या पेशी मज्जेतच अडकून राहतात आणि रक्तातला आकडा नेहमीइतका किंवा त्याहूनही कमी भरतो. त्यामुळे आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा भाग. निरोगी थेंबात पांढऱ्या पेशी वेगवेगळ्या रूपांत दिसतात, कुणाचे केंद्रक तीनचार खंडांत विभागलेले, कुणाचे वालाच्या दाण्यासारखे वाकलेले. तीव्र ल्युकेमियाच्या थेंबात ही विविधता हरपते आणि मोठ्या केंद्रकाच्या, एकसारख्या गोल पेशी एकामागून एक नजरेखालून जात राहतात.

नातेवाईकांचा दुसरा एक प्रश्न असा असतो की, सगळे खराब रक्त काढून चांगले रक्त का चढवत नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे. रुग्णाला रक्त आणि प्लेटलेट्स चढवतातही, आणि त्याने जीव वाचतो, पण तो तात्पुरता आधार असतो. बाहेरून दिलेल्या पेशी त्यांचे आयुष्य संपले की नष्ट होतात, आणि मज्जेतला बिघाड होता तसाच राहतो. आपण याला रक्ताचा कर्करोग म्हणतो, पण त्याचे घर मज्जेत आहे. निदान पक्के करण्यासाठी मज्जेचा नमुना घ्यावा लागतो तो याचमुळे.

या तपासणीची लोकांना फार धास्ती असते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात आणि कंबरेच्या मागे, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथली त्वचा आणि हाडावरचे आवरण इंजेक्शनाने बधिर करतात. मग एक जाड सुई फिरवत हाडात नेतात आणि सिरिंजने चमचाभर मज्जा ओढून घेतात. सुई जाताना दाब जाणवतो, आणि मज्जा ओढण्याच्या त्या दोनतीन सेकंदांत एक खोल, ओढल्यासारखी कळ येते, जी बधिर करण्याच्या औषधाने पूर्ण थांबत नाही. हे आधी सांगितले तर रुग्णाला ते सोसणे सोपे जाते. लहान मुलांना बहुधा गुंगी देऊनच हा नमुना घेतात. ही सुई पाठीच्या कण्यात जात नाही आणि तिने अपंगत्व येत नाही. मिळालेल्या नमुन्यावरून पेशी कोणत्या घराण्याची आहे, तिच्या पृष्ठभागावर कोणत्या खुणा आहेत, गुणसूत्रांची कोणती तुटफूट झाली आहे आणि कोणते जनुक बदलले आहे, हे शोधतात. स्टेजच्या प्रश्नाची जागा येथे हे तपशील घेतात. रुग्णाचे वय, पांढऱ्या पेशींचा सुरुवातीचा आकडा, जनुकांतला बदल आणि पहिल्या उपचाराला मिळालेला प्रतिसाद यांवरून धोका कमी की जास्त हे ठरते.

ल्युकेमियाचे मुख्य प्रकार चार आहेत. आजार तीव्र आहे की संथ, म्हणजे अॅक्यूट की क्रॉनिक, आणि बिघडलेली पेशी लिम्फॉइड घराण्यातली की मायलॉइड, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून एएलएल (तीव्र लिम्फॉइड), एएमएल (तीव्र मायलॉइड), सीएलएल (संथ लिम्फॉइड) आणि सीएमएल (संथ मायलॉइड) ही नावे तयार होतात. तीव्र प्रकारांत पेशी अगदी कच्च्या असतात आणि आजार काही दिवसांत किंवा आठवड्यांत उग्र होतो. संथ प्रकारांत त्या बऱ्यापैकी परिपक्व दिसतात, काही अंशी कामही करतात, आणि वर्षानुवर्षे पत्ता लागू देत नाहीत. एएलएल हा लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून त्याचे प्रमाण २ ते ५ या वयात सर्वांत जास्त असते. एएमएल आणि सीएलएल हे मुख्यतः उतारवयातले आजार आहेत. सीएलएलमध्ये टप्पे मोजण्याची पद्धत आहे, आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात अनेकदा कोणतेच औषध न देता केवळ नियमित तपासणी केली जाते. कर्करोग आहे आणि औषध नाही, हे घरच्यांना पचत नाही, हे मी समजू शकतो. पण लक्षणे नसताना लवकर औषध सुरू केल्याने त्या रुग्णांचे आयुष्य वाढत नाही हे तपासून झालेले आहे, त्यामुळे याला हलगर्जी समजू नये.

हा आजार कशामुळे होतो याचे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही. मोठ्या प्रमाणातला किरणोत्सर्ग हे एक सिद्ध कारण आहे. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँबमधून वाचलेल्यांत पुढच्या काही वर्षांत ल्युकेमियाचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. बेंझीन या रसायनाशी दीर्घकाळ संपर्क, पूर्वी घेतलेली काही केमोथेरपीची औषधे, धूम्रपान आणि डाउन सिंड्रोम यांनीही धोका वाढतो. परंतु आजारी मुलांचे आईवडील "आमचे काय चुकले" या प्रश्नाने आतून पोखरले जातात, त्यांच्यासाठी एक शोध फार मोलाचा आहे. जन्मानंतर बाळाच्या टाचेतून घेऊन कागदावर सुकवून ठेवलेल्या रक्ताच्या थेंबांची, त्या मुलांना पुढे एएलएल झाल्यावर, पुन्हा तपासणी करण्यात आली. अनेकांच्या त्या सुकलेल्या थेंबांत जनुकांचा पहिला बदल जन्मतःच हजर होता. असा पहिला बदल घेऊन जन्मणाऱ्या बहुसंख्य मुलांना आजार होतच नाही, त्यासाठी पुढे आणखी बदल घडावे लागतात. खाण्यापिण्यातल्या किंवा सांभाळण्यातल्या एखाद्या चुकीने हे घडत नाही, आणि हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एकत्र राहण्याने दुसऱ्याला लागत नाही.

उपचारांचा इतिहास एका उलट्या फळलेल्या प्रयत्नापासून सुरू होतो. १९४० च्या दशकात बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले की, ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्ल देण्याने आजार उलट भडकतो. पेशी विभागताना फॉलिक आम्ल लागते, तर मग ते वापरूच न देणारे औषध दिले तर काय होईल, असा विचार त्यांनी केला. असे औषध घडवणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे नेतृत्व भारतातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. १९४८ मध्ये फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे असे औषध दिलेल्या १६ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली, त्यांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, काही महिन्यांत आजार परतला, पण औषधाने मुलांचा तीव्र ल्युकेमिया मागे हटू शकतो हे तेव्हा दिसले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या उपचारात दिले जाते. पुढे अनेक औषधे एकत्र वापरणे, ती दीर्घकाळ देणे, आणि रक्तातून औषध नीट पोहोचत नाही अशा मेंदूभोवतीच्या द्रवात पाठीतून सुई देऊन औषध सोडणे, या सुधारणा होत गेल्या. आज चांगले उपचार पूर्ण मिळाले तर एएलएल झालेल्या दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. प्रौढांत आणि एएमएलमध्ये यश अजून इतके नाही.

केमोथेरपी कच्च्या पेशी मारते, पण ती निरोगी मज्जेलाही काही काळ झोपवते, आणि म्हणून उपचार सुरू झाल्यावर काउंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, आधी आणखी पडतात. न्यूट्रोफिल एका घनमिलिमीटरमागे ५०० च्या खाली असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट इतका ताप आला तरी ती तातडीची बाब असते. रात्री दोन वाजता ताप आला तर सकाळपर्यंत वाट पाहायची नसते, तापाची गोळी देऊन तो उतरतो का हेही पाहायचे नसते, थेट रुग्णालय गाठायचे असते. या काळात जीव जातो तो पुष्कळदा कर्करोगाने थेट जात नाही, जंतुसंसर्गाने जातो.

पेशी मारण्यापलीकडचे दोन मार्ग मला या सगळ्या इतिहासात विशेष वाटतात. एएमएलचा एपीएल नावाचा एक उपप्रकार आहे, ज्यात रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते आणि पूर्वी रुग्ण काही दिवसांतच रक्तस्रावाने दगावत. शांघायमध्ये वांग झेन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या रुग्णांना अ जीवनसत्त्वाच्या कुळातले एक औषध दिले. त्या औषधाने कच्च्या पेशी मारल्या नाहीत, त्यांना मोठे केले. अडकलेल्या पेशी पुढच्या पायऱ्या चढल्या, परिपक्व झाल्या आणि आपल्या वेळी मेल्या. त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाल्यावर, सुरुवातीचे धोक्याचे दिवस पार करणाऱ्या बहुतेक सर्व रुग्णांचा आजार बरा होऊ लागला. दुसरा मार्ग सीएमएलचा. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले की ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते आखूड होते. त्या जोडणीतून सतत चालू राहणारे एक प्रथिन तयार होते, जणू बटण दाबलेलेच राहावे तसे, आणि नेमके ते बटण बंद करणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. औषधाला चांगला प्रतिसाद देणारे सीएमएलचे रुग्ण आज रोज गोळी घेऊन जवळजवळ सर्वसामान्य आयुर्मान जगतात.

औषधांनी भागणार नाही अशा रुग्णांसाठी मूळपेशींचे प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा पर्याय असतो. त्यात कापाकापी नसते, दात्याच्या मूळपेशी रक्तासारख्या शिरेतून दिल्या जातात आणि त्या आपली वाट शोधत मज्जेत जाऊन रुजतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. अलीकडे रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, काढून, त्यांना आजारी पेशी ओळखायला शिकवून परत सोडण्याचा कार-टी उपचारही, २०१७ पासून, काही एएलएल रुग्णांना मिळू लागला आहे.

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्याचे उत्तर नीट न मिळाल्याने उपचार अर्धवट सुटतात. महिन्याभरात रिपोर्ट चांगला आला, मूल खेळू लागले, मग अजून दोन वर्षे औषध कशासाठी? निदानाच्या वेळी शरीरात आजारी पेशी सुमारे एक लाख कोटी असतात. पहिल्या महिन्याच्या उपचाराने त्यांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या असे धरले तरी एक हजार कोटी उरतात. त्या सर्व मज्जेत विखुरलेल्या असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसते, सीबीसीचे आकडे जागेवर येतात आणि डॉक्टर 'रेमिशन' हा शब्द वापरतात. रेमिशन म्हणजे आजार नजरेआड गेला आहे. दहा हजारांत एक आजारी पेशीसुद्धा शोधणारी एमआरडी नावाची तपासणी याच नजरेआडच्या भागासाठी केली जाते, आणि तिच्या निकालावरून पुढचे उपचार सौम्य ठेवायचे की कडक करायचे हे ठरते. एएलएलमध्ये यानंतर आणखी काही महिने जोरकस औषधे दिली जातात, आणि मग सुरू होतो तो लांबचा काळ, ज्यात मूल शाळेत जाते, खेळते, रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घेते आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. बाहेरून पाहणाऱ्याला ते मूल पूर्ण बरे झालेले दिसते. या काळात गोळ्या वारंवार चुकल्या तर आजार परतण्याचा धोका वाढतो, म्हणून कॅलेंडरवर रोजच्या गोळीपुढे खूण करण्याचे काम शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवावे लागते.